आडवळणाची कोडी

आडवळणाची कोडी म्हणजे प्रश्नमंजूषेतील असे प्रश्न, जे पाठांतराने सुटत नाहीत. प्रश्नातच ठेवलेल्या खुणांवरून त्यांचा उलगडा होतो. या विचारपद्धतीला ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव एडवर्ड डी बोनो यांनी 1967 मध्ये दिले. युक्ती मात्र त्याहून खूप जुनी. ‘एवढंसं कार्टं घर राखतं’ हे ऐकताच मन लहान मुलाकडे धावते आणि कुलूप सुचत नाही.

मुंबईतला एक उत्तम नमुना दादर स्थानकाचा आहे. दोन मित्र 2019 साली दादरला एक नंबर फलाटावर भेटायचे ठरवतात. दोघेही ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तिथे पोहोचतात, तासभर थांबतात, तरी भेट होत नाही. का? ऐकणारा आधी गर्दीला दोष देतो, मग घड्याळाला. ‘एक नंबर फलाट एकच असणार’ हे त्याने न तपासता धरलेले असते. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट तेव्हा वेगवेगळे मोजले जात, त्यामुळे दादरला एक नंबरचे फलाट दोन होते. 9 डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 पासून 14 पर्यंत क्रमांक मिळाले. म्हणून कोड्यात साल घालावे लागते आणि तीच मोठी खूण ठरते. रचनाही पाहण्यासारखी आहे: ‘मित्र’ म्हटल्यामुळे ‘ते एकमेकांना ओळखत नव्हते’ ही पळवाट बंद होते, ‘ठरल्या वेळी’मुळे उशिराची. दोन तितकीच पटणारी उत्तरे निघाली, तर दोष कोडे रचणाऱ्याचा.

काही कोडी माहितीच्या जवळ जातात. पंचम जॉर्ज यांच्या मुंबईतील आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेले गेटवे ऑफ इंडिया त्यांना उतरताना का दिसले नाही? ते आले 1911 मध्ये, वास्तू पूर्ण झाली 1924 मध्ये. साले ठाऊक नसली तरी बिघडत नाही: ‘स्मरणार्थ’ हा शब्द नीट ऐकणाऱ्याला पुरतो.

स्पर्धक अशा उकलीला ‘वर्कआउट करणे’ म्हणतात. उत्तर न आल्यास प्रश्न पुढच्या संघाकडे जातो, तो ‘बाउन्स’. आपली पाळी नसताना लेखी उत्तर देणे म्हणजे ‘पाउन्स’. ते चुकल्यास बहुधा गुण कापले जातात.