संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे वैयक्तिक तक्रार : पात्रता, कागदपत्रे आणि मर्यादा

आपल्या हक्कांचे उल्लंघन सरकारनेच केले आणि देशातील न्यायालयांतही दाद मिळाली नाही, तर पुढे काही मार्ग उरतो का? हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त राष्ट्रांनाच पक्षकार होता येते, त्यामुळे तो मार्ग व्यक्तीसाठी बंद आहे. प्रादेशिक मानवाधिकार न्यायालये सोडली, तर सर्वांत रुळलेली वाट मानवाधिकार समितीची आहे. १८ स्वतंत्र तज्ज्ञांची ही समिती १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पालनावर देखरेख ठेवते, आणि या कराराला जोडलेल्या पहिल्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे (राष्ट्राने वेगळा स्वीकारायचा पूरक करार) तिला व्यक्तींच्या तक्रारींचा विचार करता येतो. राष्ट्रांच्या प्रतिनिधींची मानवाधिकार परिषद ही निराळी संस्था आहे, तिच्याशी गल्लत करू नये.

तक्रार कोणाला करता येते

कागदपत्रे जमवण्याआधी एक गोष्ट तपासावी : ज्या राष्ट्राविरुद्ध तक्रार आहे त्याने हा प्रोटोकॉल स्वीकारला आहे का? भारत १९७९ मध्ये आणि अमेरिका १९९२ मध्ये करारात सामील झाली, परंतु दोघांनीही प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. त्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रार कितीही भक्कम असली तरी समितीला ती विचारात घेता येत नाही. येथे तक्रारदाराचे नागरिकत्व पाहिले जात नाही. प्रोटोकॉल स्वीकारलेल्या राष्ट्राच्या अधिकारक्षेत्रात असलेला परदेशी नागरिक किंवा निर्वासितही त्या राष्ट्राविरुद्ध तक्रार करू शकतो. तक्रारदार मात्र व्यक्तीच असावी लागते, कंपनी किंवा संस्था चालत नाही. आणि उल्लंघनाची झळ तिला स्वतःला बसलेली असावी लागते. एखादा कायदा सर्वसाधारणपणे वाईट आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही.

दुसरी अट देशांतर्गत दाद मागण्याचे उपलब्ध मार्ग पूर्ण करण्याची असून माझ्या मते अर्जाची खरी कसोटी तिथेच लागते. केवळ खर्च किंवा यशाबद्दलची शंका हे कारण सहसा पुरत नाही. मात्र तो मार्ग अवाजवी लांबला असेल किंवा निष्फळ ठरणार हे दाखवता येत असेल, तर सवलत मिळते. सँड्रा लव्हलेस या मूलनिवासी महिलेने १९७७ मध्ये कॅनडाविरुद्ध तक्रार केली. समाजाबाहेर विवाह केल्यामुळे तिचा मूलनिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा गेला होता, तसाच विवाह करणाऱ्या पुरुषाचा मात्र जात नसे. ती देशातील न्यायालयात गेलीच नव्हती. पण तीच तरतूद वैध असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दिलेला असल्याने समितीने तक्रार ग्राह्य धरली. १९८१ मध्ये निष्कर्ष तिच्या बाजूने लागला आणि १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला.

उलट उदाहरण हवामानबदलाचे आहे. २०१९ मध्ये १६ मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्याच दुसऱ्या एका समितीकडे, म्हणजे बालहक्क समितीकडे, अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान या पाच राष्ट्रांविरुद्ध तक्रार केली. चीन, अमेरिका आणि भारत यांनी त्या समितीची तक्रार प्रक्रिया स्वीकारलेली नसल्याने सर्वाधिक उत्सर्जन करणारे हे देश यादीत येऊच शकत नव्हते. उत्सर्जनामुळे सीमेपलीकडे होणाऱ्या हानीसाठीही राष्ट्र जबाबदार ठरू शकते, हे समितीने २०२१ मध्ये मान्य केले. तरीही मुलांनी त्या देशांतील न्यायालयांत दाद मागितली नव्हती म्हणून तक्रार अग्राह्य ठरवली.

अर्ज आणि कागदपत्रे

तक्रार लेखी असावी आणि इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा रशियन भाषेत असावी. शुल्क नाही आणि वकील नेमण्याचे बंधनही नाही, परंतु वकिलाच्या खर्चासाठी समितीकडून मदतही मिळत नाही. निनावी तक्रार घेतली जात नाही. प्रकाशित होणाऱ्या निर्णयात नाव गुप्त ठेवण्याची विनंती मात्र करता येते. अर्जात घटनाक्रम तारखांसह द्यावा, कराराच्या कोणत्या कलमाचा भंग झाला ते सांगावे आणि देशात कोणत्या न्यायालयात काय मागितले व काय मिळाले हे क्रमाने लिहावे. न्यायालयीन आदेशांच्या आणि पुराव्यांच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद पाठवू नयेत. प्रतिनिधीमार्फत अर्ज करताना पीडित व्यक्तीचे सहीचे अधिकारपत्र लागते. ती कोठडीत असल्याने सही मिळणे अशक्य असेल, तर तसे स्पष्टीकरण द्यावे. हेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे विचाराधीन नाही, हेही नमूद करावे लागते. देशातील अंतिम निर्णयानंतर पाच वर्षांहून अधिक काळ गेल्यास विलंबाचे समर्थनीय कारण नसेल तर तक्रार फेटाळली जाऊ शकते, म्हणून उगाच थांबू नये.

पुढे काय होते

नोंदणी झाल्यावर संबंधित राष्ट्राला उत्तरासाठी सहा महिने मिळतात आणि त्यावर तक्रारदाराला म्हणणे मांडता येते. सारे कामकाज बंद दाराआड आणि मुख्यतः कागदोपत्री चालते. निष्कर्षाला अनेक वर्षे लागू शकतात. फाशी किंवा हद्दपारीसारखी भरून न निघणारी हानी समोर असेल, तर समिती अंतरिम उपाय म्हणून राष्ट्राला ती कारवाई थांबवण्याची विनंती करते. विनंती मोडली गेली तर ती अमलात आणायला समितीकडे कोणतीही यंत्रणा नाही : १९९९ मध्ये फिलिपिन्सने अशी विनंती असतानाही तिघांना मृत्युदंड दिला आणि समितीला प्रोटोकॉलचा गंभीर भंग झाल्याची नोंद करण्यापलीकडे काही करता आले नाही. राष्ट्राला प्रोटोकॉलमधून बाहेरही पडता येते. मृत्युदंडाच्या प्रकरणांवरून जमैकाने १९९७ मध्ये तशी सूचना दिली.

समिती देते तो न्यायनिवाडा नसून अभिप्राय असतो. त्यानंतर केलेल्या उपायांची माहिती राष्ट्राने १८० दिवसांत द्यावी, असे ती सांगते. तक्रारदाराने मात्र या उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा अभिप्रायाची प्रत घेऊन पुन्हा देशातील न्यायालयात जाणे अधिक उपयोगाचे ठरू शकते. संयुक्त राष्ट्रांच्याच महिलांविरुद्धच्या भेदभावाविषयीच्या समितीने २०१४ मध्ये स्पेनविरुद्ध अभिप्राय दिला होता. त्याच्याच आधारे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तक्रारदार महिलेला ६ लाख युरोंची भरपाई मंजूर केली.