‘खासगी’ आणि ‘सरकारी’ शाळा : महाराष्ट्रातील विभागणीची पार्श्वभूमी

मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे की खासगी, असा प्रश्न आज घरोघरी पडतो. पण महाराष्ट्रात या दोन टोकांमध्ये अनुदानित शाळा उभी आहे, जिचे व्यवस्थापन संस्थेकडे असते आणि शिक्षकांचे वेतन शासन देते. तिला वगळून केलेली तुलना अपुरीच राहते.

खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व १८५४ च्या वुडच्या खलित्यातून, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक धोरणपत्रातून, आले. पुढे शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे द्याव्यात आणि माध्यमिक शिक्षणाचा भार अनुदान घेणाऱ्या खासगी संस्थांनी उचलावा, अशी दिशा दिली. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी, सरकारी महसूल येतो रयतेच्या श्रमातून आणि त्याचा लाभ मिळतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला, हा अन्याय मांडून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ती अमलात आणली.

‘खासगी’ म्हणजे महागडी, असा अर्थ त्या काळी नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था खासगीच होती, पण तिच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहून शिकली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. चौथी किंवा सातवीनंतर संस्थेचे हायस्कूल, हा खेड्यातील मुलांचा नेहमीचा मार्ग झाला.

आजची दरी पडली ती शासनाने अनुदानातून हात आखडता घेतल्यावर, असे माझे मत आहे. शाळेला परवानगी, पण अनुदान कधीच नाही, अशा ‘कायम विनाअनुदान’ धोरणातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला, तरी अशा शाळांतील शिक्षकांना पगारासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात तर अनुदानाचा प्रश्नच उरला नाही. शाळा पालकांच्या फीवर चालू लागली.

शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित शाळांना यातून सूट देणारा फेब्रुवारी २०२४ चा नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला.