'पोलीस पाटील' म्हणजे नेमका कोण?

खानदेशात या पदाचा घोळ नावापासूनच सुरू होतो. इथे निम्म्या गावाचं आडनाव पाटील. आडनावाचा पाटील, जुन्या वतनाचा म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचा पाटील आणि गावात पोलिसी काम बघणारा नेमणुकीचा पोलीस पाटील ही तीन वेगळी माणसं, पण पारावर तिघांनाही हाक एकच.

इंग्रजी अमलात सातपुड्याच्या बंदोबस्तासाठी 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. गावातली राखण मात्र पाटील आणि जागल्या, म्हणजे गावचा पहारेकरी, हेच करत राहिले. 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने ते काम कागदावर आलं.

खरा तिढा 1962 चा. त्या वर्षीच्या कायद्याने वंशपरंपरेची पाटीलकी मोडली. महसूल तलाठ्याकडे गेला, आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने पोलिसी काम नेमणुकीच्या माणसाकडे आलं. हा निर्णय योग्यच होता. दहावी पास, 25 ते 45 वयाचा गावातला कुणीही अर्ज करू शकतो. ज्या भिल्ल घरातून पूर्वी फक्त जागल्या निघायचा, तिथला पोरगा आज पोलीस पाटील होऊ शकतो. वाड्यांतली जुनी पाटील घराणी नाराज झाली. त्यांचं म्हणणं, पाटलाचा वचक गेला. पण वचक होता तो वाड्याचा, कायद्याचा नव्हे.

निर्णय अर्धवट राहिला तो मोबदल्यात. वतन गेलं, पण त्याच्या जागी पगार आला नाही, 'मानधन' आलं. पोलीस पाटलाला स्वतःची शेती किंवा गावातला छोटा धंदा करायला मुभा आहे, म्हणून हे पूर्णवेळ नोकरीचं पद नाही, अशी सरकारी बाजू. 2024 मध्ये मानधन 6,500 वरून 15,000 रुपये झालं. वाढ मोठी आहे, शब्द मात्र तोच, आणि त्या शब्दामागे पेन्शन नाही. त्यातही नेमणूक प्रांताची, म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याची, आणि रोजचं काम पोलीस ठाण्याचं. दोन धनी.

कापूस वेचणीच्या दिवसांत विहिरीत प्रेत सापडलं, की ठाण्याला पहिला फोन त्याचा. गर्दी मागे सारणं, पंच गोळा करणं, नातेवाइकांना सांगावा धाडणं हेही त्याच्याच गळ्यात. मजूर शेतात ताटकळत असतात, आणि हा पंचनामा आटोपेपर्यंत विहिरीच्या काठावर बॅटरी धरून उभा असतो.