पस्तिशीच्या आतला स्तनाचा कर्करोग आणि पाळीचा प्रश्न

ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९५ साली एका ३३ वर्षांच्या बाईची दोन्ही अंडाशयं काढली. स्तनाचं ऑपरेशन आधीच झालं होतं, रोग छातीवर परत उगवला होता. काही महिन्यांत गाठी विरल्या. 'हार्मोन' हा शब्दही तेव्हा वापरात नव्हता. गाईने जास्त दिवस दूध द्यावं म्हणून शेतकरी तिची अंडाशयं काढतात, हे ऐकून बीटसनना स्तन आणि अंडाशय यांचं नातं सुचलं होतं. १८९६ मध्ये त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं.

अंडाशयातल्या हार्मोनवर काही गाठी पोसतात, हा धागा तेव्हाच हाती आला होता, पण अगदी तरुण बायकांच्या उपचारात तो सुटला. १९७६ मध्ये मिलानचे डॉक्टर बोनादोना यांनी ऑपरेशननंतरच्या केमोचा फायदा दाखवला आणि पाळी चालू असलेल्या बायकांना मुख्यतः केमोच मिळू लागली. चाळिशीच्या पुढच्या बाईची पाळी केमोने बहुधा कायमची थांबते, म्हणजे नकळत हार्मोनचाही उपचार होऊन जातो. तिशीतल्या बाईची पाळी बऱ्याचदा परत येते. ही साधी गोष्ट फार उशिरा ध्यानात घेतली गेली, आणि मला तीच सर्वांत जास्त सलते.

२००० साली 'लॅन्सेट'मध्येच एका आंतरराष्ट्रीय गटाचा अभ्यास आला. केमो घेतलेल्या सुमारे ३,७०० बायकांपैकी ३१४ जणी पस्तिशीच्या आतल्या. गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असणं, म्हणजे ती इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारी असणं, एरवी चांगलं लक्षण मानतात. इथे मात्र अशा तरुणींमध्येच रोग जास्त उलटला, त्यांच्याच वयाच्या निगेटिव्ह असलेल्यांपेक्षाही. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या पन्नाशीच्या आतल्या १०,३५६ बायकांच्या नोंदींतून दिसलं, की कमी जोखीम समजून केमो न दिलेल्यांत वय जितकं कमी तितका मृत्यूचा धोका जास्त होता. केमो मिळालेल्यांत हा फरक उरला नव्हता.

सगळा दोष उपचारांचा नव्हे. या वयात आक्रमक आणि ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या उपचारांना दाद न देणाऱ्या) गाठी जास्त आढळतात. काहींच्या मुळाशी १९९४-९५ मध्ये सापडलेल्या बीआरसीए जनुकांतला, आईवडिलांकडून येऊ शकणारा दोष असतो. तो असला की आयुष्य कमी, अशी भीती घरोघरी असते. ब्रिटनमधल्या चाळिशीपर्यंतच्या २,७३३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) मात्र दोष असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या जगण्यात ठळक फरक दिसला नाही.

पाळी चालू असलेल्या बायकांत अंडाशयं थांबवून फायदा होतो का, हे पाहणाऱ्या 'सॉफ्ट' या चाचणीचे निकाल आले २०१४ च्या अखेरीस. पस्तिशीच्या आतल्या ३५० जणींपैकी नुसत्या टॅमोक्सिफेनवर (गाठीवरचा इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणाऱ्या गोळीवर) असलेल्यांतल्या ५ वर्षांनी सुमारे ६८ टक्के रोगमुक्त होत्या. जोडीला अंडाशयं थांबवली तेव्हा ७९ टक्के, आणि अंडाशयं थांबवून टॅमोक्सिफेनऐवजी एक्झेमेस्टेन (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारं औषध) दिलं तेव्हा ८३. बीटसनच्या निबंधाला तोवर ११८ वर्षं झाली होती.

मग मूल? २०२३ च्या 'पॉझिटिव्ह' नावाच्या चाचणीत ५१६ जणींनी गर्भधारणेसाठी हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या दोन वर्षांपर्यंत थांबवल्या. तीन वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. हा रोग दहा-पंधरा वर्षांनीही परततो, म्हणून त्या सगळ्यांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला आहे.