सिकलसेल रुग्णांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचा रुग्ण बाहेरून बघितला तर चांगला धडधाकट वाटतो. डोळे जरा पिवळे, अंगाने किडकिडीत, बस. सांधे धरले की तोच माणूस चार-चार दिवस खाटेवरून उठू शकत नाही, पण तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना हे कसं दिसणार? म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं ओळखपत्र) यांच्या अर्जात ऑनलाइन फॉर्म भरणं हे सगळ्यात सोपं काम आहे. खरी मदार तुमच्या उपचाराच्या फाइलवर असते, आणि नेमकी तीच बहुतेक घरांत पिशवीत कोंबलेली किंवा अर्धी हरवलेली असते.

आधी कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात 21 झाले. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार पहिल्यांदाच आले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यातल्या कुटुंबांसाठी ही मोठी गोष्ट होती. मधुमेह, दमा, किडनीचा आजार मात्र या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी कुणी हे कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. सिकलसेलसाठीही देऊ नका, कारण अर्जाला सरकारी फीच नाही.

कोण पात्र?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गावात शिबिर होतं, बोटातून रक्त घेतात, ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ असा कागद हातात येतो आणि लोक तोच घेऊन जिल्ह्याला जातात. ती चाचणी वाहकाचीही (म्हणजे ज्याच्या अंगात सिकलचा एकच दोष आहे, पण आजार नाही) पॉझिटिव्ह येते आणि रुग्णाचीही. फरक कळतो तो पुढच्या तपासणीत, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये. रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर ती व्यक्ती वाहक आहे, आजारी नाही. तिला प्रमाणपत्र मिळत नाही. ‘एसएस’ असेल, किंवा सिकलसोबत बीटा थॅलेसेमियाचा दोष असेल, तर ती व्यक्ती रुग्ण आहे आणि अर्ज करू शकते. पॅटर्न, म्हणजे एएस की एसएस हे, लिहिलेला रिपोर्ट नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन ती तपासणी करून घ्या. त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

एसएस आहे म्हणून आपोआप 40 टक्के दिव्यांगत्व मिळतं असंही नाही. बहुतेक योजनांना 40 टक्के लागतात, आणि टक्के ठरतात ते आजाराने शरीराचं किती नुकसान केलं यावर: दुखणं किती वेळा उठतं, भरती किती वेळा व्हावं लागलं, रक्त किती वेळा चढवलं, मेंदू, फुप्फुस, डोळे, हाडं यांवर परिणाम झाला का. एकाच घरातल्या दोन एसएस भावंडांना वेगवेगळे टक्के मिळाले तर त्यात घोटाळा असेलच असं नाही.

फाइल कशी लावायची

ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलला लागणारी कागदपत्रं मोजकीच आहेत: आधार क्रमांक (किंवा आधार नोंदणीची पावती), ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते आधीच बघा. कार्डावर चूक छापून आली तर प्रत्येक योजनेत ती आडवी येते.

बोर्डासाठीची, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांसाठीची फाइल वेगळी. सगळ्यात वर पॅटर्नचा रिपोर्ट. त्याखाली डिस्चार्ज कार्डं, तारखेप्रमाणे, सगळ्यात नवं वर. मग रक्त चढवल्याच्या नोंदी, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर त्याच्या चिठ्ठ्या, आणि सोनोग्राफी, एक्स-रे किंवा एमआरआय झाला असेल तर तो.

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की तिथल्या तिथे वाचा. रात्री दोन वाजता पोरगं वेदनेने ओरडत आणलेलं असतं, आणि कार्डावर नुसतं ‘ताप, अंगदुखी’ किंवा ‘अशक्तपणा’ एवढंच असतं. वर्षभराने बोर्डापुढे या कागदाची किंमत शून्य. वॉर्ड सोडण्याआधी डॉक्टरांना विनंती करा: निदानात सिकलसेल एसएस आणि दुखण्याचा झटका असं लिहा, रक्ताच्या किती पिशव्या दिल्या तेही लिहा. बहुतेक डॉक्टर लिहून देतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

खुबा किंवा खांदा सतत दुखत असेल, लंगडत चालावं लागत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो. असं झालेलं असेल तर हालचालीचं दिव्यांगत्व स्वतंत्रपणे मोजता येतं. दोन्हींची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या टक्क्याला ‘क’ आणि लहान टक्क्याला ‘ख’ म्हटलं, तर एकूण टक्के म्हणजे क + ख × (90 − क) ÷ 90. 40 आणि 30 टक्के असतील तर 70 होत नाहीत, साधारण 57 होतात.

अर्ज

केंद्र सरकारचं स्वावलंबन कार्ड पोर्टल आहे, अर्ज तिथेच करायचा. महाराष्ट्रात पूर्वी एसएडीएम या प्रणालीतून प्रमाणपत्रं मिळायची. जुनं प्रमाणपत्र असलेल्यांनाही आता यूडीआयडीवर यावं लागतं. मोबाइलवरून अर्ज भरता येतो, नाहीतर सेतू किंवा सीएससी केंद्रावर. स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. केंद्रवाल्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे मेसेज आणि ओटीपी त्याच्याकडे जातात आणि तुम्ही दर वेळी त्याच्या दारात.

दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना रक्ताच्या आजारांत सिकलसेल निवडा. मग रुग्णालय. नियमानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथलं रुग्णालय निवडता येतं. गडचिरोलीतल्या कोरची किंवा भामरागडकडच्या माणसाचे उपचार वर्षानुवर्षं नागपूरला चालू असतील तर त्याच्यासाठी ही तरतूद कामाची आहे: जिथे केस पेपर आहेत, तिथेच तपासणी. अर्ज गेला की नोंदणी क्रमांक येतो. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि वहीतही लिहून ठेवा.

बोर्डाचा दिवस

जिल्हा रुग्णालयांत दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात, आणि रक्ताच्या आजारांसाठीचे डॉक्टर कधी कधी ठरावीक वारीच येतात. फोन करून किंवा ओळखीच्या आशाताईंकडून वार पक्का करून मगच निघा. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच, दोन्ही न्या. रांग लांब असते. पाण्याची बाटली आणि थंडीत स्वेटर विसरू नका; तहान, गारठा आणि दगदग यांनीच झटका येतो, आणि प्रमाणपत्राच्या रांगेतून थेट कॅज्युअल्टीत जायची वेळ नको. त्या दिवशी खूपच दुखत असेल तर ओढत जाऊ नका, पुढची तारीख मागा.

डॉक्टर विचारतील, ‘‘किती वेळा दुखतं?’’ आपल्याकडे उत्तर असतं, ‘‘नेहमीच दुखतं साहेब.’’ खरं असलं तरी त्यावरून टक्के काढता येत नाहीत. मागच्या वर्षात किती वेळा भरती, कोणत्या महिन्यांत, किती पिशव्या, शाळा किंवा मजुरी किती दिवस बुडाली, हे एका कागदावर लिहून न्या. वाढवून मात्र लिहू नका. खोट्या कागदावर लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा याच कायद्यात आहे.

निकाल, आणि हाती काय येतं

ऑक्टोबर 2024 च्या सुधारित नियमांनुसार निर्णयाची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली. दोन वर्षं अर्ज तसाच पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून पोर्टलवर अधूनमधून स्थिती बघत राहा. कार्डाला आता रंग आहेत: 40 टक्क्यांच्या आत पांढरा, 40 पासून 80 च्या आत पिवळा, 80 आणि त्यावर निळा. कार्ड टपालाने येतं, पण ई-कार्ड आधीच डाउनलोड करता येतं. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि निर्णयावर कलम 59 खाली अपील करता येतं. अपिलात नवा कागद जोडलात तर जोर येतो; तीच फाइल पुन्हा नेलीत तर बहुधा तोच निकाल.

फायद्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण यावर लोकांची फार निराशा होते. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के दिव्यांग आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. कायद्याचं कलम 34 वाचा, त्यात दृष्टी, श्रवण, हालचाल, बौद्धिक आणि मानसिक गट आहेत, सिकलसेल नाही. हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं, पण आहे ते असं आहे. खुब्यामुळे हालचालीचं दिव्यांगत्वच 40 टक्के भरलं तर त्या गटातून हक्क सांगता येतो.

शिक्षणाचं तसं नाही. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये 40 टक्के किंवा त्यावरच्या सगळ्या प्रकारांना मिळून 5 टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे, त्यात सिकलसेल धरलेलं आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी ठरवून दिलेल्या केंद्रावर वेगळी तपासणी होते, त्याची तयारी ठेवा. दहावी-बारावीला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत परीक्षा बोर्डाकडे अर्ज जातो, तेव्हा फॉर्म भरायच्या वेळीच मुख्याध्यापकांना गाठा.

संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलदारांकडे अर्ज. यूडीआयडी, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, वयाचा पुरावा आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचं मासिक अनुदान 1,500 वरून 2,500 रुपये केलं. दरवर्षी हयातीचा दाखला देऊन यायचं, नाहीतर पैसे थांबतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत नाव नोंदवून हे विचारा, न विचारता क्वचितच कुणी सांगतं.

प्रवासाचं वेगळं गणित आहे. एसटीच्या सवलतींत सिकलसेल रुग्ण हा स्वतंत्र प्रवर्ग आहे, त्याची चौकशी आगारात करा. रेल्वेत सिकलसेलला मिळणारी सवलत उपचारासाठीच्या प्रवासाची असते आणि ती रुग्णालयाने भरून दिलेल्या ठरावीक नमुन्यावर मिळते. तिथे नुसतं यूडीआयडी कार्ड दाखवून भागत नाही.

प्रमाणपत्रावर मुदत छापलेली आहे का ते पहिल्याच दिवशी बघा. सिकलसेलला बरेचदा मुदतीचंच मिळतं. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी पोर्टलवरून नूतनीकरणाचा अर्ज टाका, कारण ते संपलं की निराधारचे पैसेही अडकू शकतात. दरम्यान खुबा बिघडला, झटके वाढले किंवा आणखी काही झालं असेल तर त्याचे कागद याच वेळी जोडा.