क्रिप्टिक शब्दकोडे आणि त्याची उकल

क्रिप्टिक शब्दकोडे : शब्दकोड्याचा एक कठीण प्रकार, मराठीत यास गूढ शब्दकोडे असेही म्हणतात. साध्या शब्दकोड्यात उत्तराचा समानार्थी शब्द किंवा थोडक्यात व्याख्या दिलेली असते. क्रिप्टिक कोड्यातील प्रत्येक शोधसूत्र वरकरणी एखाद्या साध्या वाक्यासारखे दिसते, परंतु त्याचे दोन भाग असतात : एकात उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि दुसऱ्यात बहुधा तोच शब्द अक्षरांच्या खेळातून मिळवण्याची कृती असते. अर्थ सूत्राच्या आरंभी किंवा अखेरीस येतो, मधोमध येत नाही. दोन भागांचा सांधा नेमका कुठे आहे हे मात्र कोडेकार सांगत नाही, आणि तो सांधा हुडकणे हीच या कोड्याची खरी उकल होय.

आधुनिक शब्दकोडे अमेरिकेत जन्मले. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी रचलेले चौकटींचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात छापून आले. त्याला क्रिप्टिक वळण लागले ते ब्रिटनमध्ये. एडवर्ड पॉविस मॅदर्स हे ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने १९२६ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकासाठी कोडी रचत होते. त्यांच्यानंतर डेरिक सॉमरसेट मॅकनट यांनी ‘झिमेनीज’ आणि १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी ‘आझेड’ हे नाव घेऊन ती गादी चालवली. ही तिन्ही नावे स्पेनमधील धर्मन्यायाधीशांची आहेत; ‘आझेड’ म्हणजे डेझा हे आडनाव रोमन लिपीत उलटे लिहिलेले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० मध्ये कोडे छापायला आरंभ केला, आणि आजही त्या दैनिकाच्या कोड्याकडे मोजमापाची पट्टी म्हणून पाहिले जाते.

सूत्रांचे प्रकार समजून घ्यायचे तर उदाहरणे मराठीतच घ्यावी लागतात, कारण श्लेषाचे भाषांतर करू गेल्यास तो हातातून निसटतो. ‘कमल चुरगळले, हाती आली लेखणी (३)’ या सूत्रात ‘चुरगळले’ हा शब्द अक्षरांची उलटापालट सुचवतो; क, म, ल ही अक्षरे फिरवली की ‘कलम’ मिळते आणि त्याचा अर्थ लेखणी. ‘रमा उलटली आणि बसला चोप (२)’ येथे रमा उलटी वाचली की ‘मार’. ‘गाडीला ओझे जोडले की सुरू होतो राज्याचा व्यवहार (४)’ यात कार आणि भार यांची जोडणी आहे. ‘सरकारला द्यावा लागणारा हात (२)’ यात अक्षरांची कोणतीच कसरत नाही; ‘कर’ या एका शब्दाचे दोन अर्थ फक्त शेजारी ठेवले आहेत, आणि तरीही असेच सूत्र कित्येकदा सर्वांत उशिरा सुटते. कंसातील आकडा उत्तराची अक्षरे सांगतो. काना, मात्रा किंवा वेलांटी असलेले अक्षर एकच धरले जाते.

क्रिप्टिक कोडे एकट्याने सोडवता येते, पण त्याची गोडी चौघांत बसल्यावर वाढते. ‘वन गरजले, आत दडले शहर (३)’ हे सूत्र मोठ्याने वाचले गेले की पहिला माणूस हटकून वाघ-सिंहांच्या मागे लागतो, कारण वाक्याने उभे केलेले चित्र त्याला तिकडे ओढून नेते. दुसरा ते चित्र मनातून पुसून टाकतो आणि शेवटचा शब्द घेऊन बसतो : शहर, तीन अक्षरे, म्हणजे ‘नगर’ असावे. उत्तर बरोबर आहे, पण मंडळींचे एवढ्यावर समाधान होत नाही. ‘का?’ हा प्रश्न उरतोच. मग कोणीतरी पेन्सिलीचे टोक ‘वन’मधल्या ‘न’वर ठेवून ते पुढच्या मोकळ्या जागेवरून ‘गर’पर्यंत ओढते, आणि दोन शब्दांच्या सांध्यात इतका वेळ उघड्यावर पडलेले नगर सर्वांना एकदमच दिसते. आधी उत्तर सुचणे आणि मागाहून कारण सापडणे हा अनुभव जुन्याजाणत्यांनाही रोजचा आहे, आणि कारण सापडेपर्यंत चौकट भरली तरी सूत्र सुटले असे ते मानत नाहीत.

अशा मंडळींत काही संकेत आपोआप पाळले जातात. अडलेल्याला उत्तर न सांगता आधी अर्थाचा भाग कोणता ते सांगावे. तरीही अडले तर खेळाचा प्रकार सांगावा. शब्द स्वतः उच्चारणे हा अगदी शेवटचा उपाय. कोड्यातले सौजन्य यातच आहे असे म्हणावे लागेल, कारण उत्तर ऐकलेल्या माणसाकडून ते सूत्र सोडवण्याचा आनंद कायमचा हिरावला जातो.

चर्चेचा मोठा भाग सूत्र न्याय्य आहे की नाही यावर खर्च होतो. ‘अफ्रीट’ या नावाने कोडी रचणारे अ‍ॅलिस्टर फर्ग्युसन रिची यांनी नियम घालून दिला की, कोडेकाराने बोलला तोच अर्थ मनात धरलाच पाहिजे असे नाही, पण मनात धरलेला अर्थ त्याच्या शब्दांतून निघालाच पाहिजे. झिमेनीज यांनी १९६६ मध्ये या कलेवर पुस्तक लिहून हा दंडक तपशीलवार मांडला. वरच्या सूत्रात ‘कमल’च्या जागी ‘पंकज’ घातले तर काय बिघडते हे पाहिल्यास त्यांचा आग्रह समजतो. सोडवणाऱ्याला आधी पंकजावरून कमल ओळखावे लागेल आणि मग न दिसणारी अक्षरे फिरवावी लागतील; पंकज म्हणजे कमळ, राजीव, सरोज यांपैकी काहीही असू शकते, तेव्हा चुरगळायचे तरी काय? असे सूत्र झिमेनीजच्या परंपरेत बाद ठरते. ‘गार्डियन’साठी १९५८ पासून कोडी रचणारे जॉन ग्रॅहॅम उर्फ ‘अराउकारिया’ यांनी मात्र नियम सैल सोडले आणि कल्पकतेला वाव दिला. या दोन घराण्यांतला वाद मिटलेला नाही, आणि तो मिटावा असे रसिकांनाही फारसे वाटत नाही.

ऑब्झर्व्हरच्या कोड्याची एक प्रथा यासंदर्भात महत्त्वाची आहे. कोडेकार एक शब्द देतो, वाचक त्यावर स्वतःची सूत्रे रचून पाठवतात, आणि निवडक सूत्रे कोडेकाराच्या टिपणीसह छापील पत्रकातून सर्वांकडे जातात. झिमेनीजने सुरू केलेली ही पत्रके आझेडने पुढे चालवली. सूत्र कुठे फसले आणि कुठे साधले याचे इतके बारीक व सातत्यपूर्ण परीक्षण शब्दखेळांत क्वचितच झाले असेल.

कोडेकार आणि वाचक यांचा जिव्हाळा किती खोल असतो हे जानेवारी २०१३ मध्ये गार्डियनच्या वाचकांनी अनुभवले. अराउकारियाच्या कोड्यातील चौकटी भरता भरता त्यांना अन्ननलिका, कर्करोग आणि उपशामक सेवा असे शब्द मिळत गेले आणि आपल्या आवडत्या कोडेकाराचा आजार त्यांना त्याच्याच अक्षरांतून कळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले.

भारतात चेन्नईच्या ‘द हिंदू’ने १९७१ पासून स्वतःचे क्रिप्टिक कोडे छापले. आरंभीच्या काळात ते भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल रामदास कटारी निवृत्तीनंतर रचत असत.

मराठी दैनिकांतील रोजची कोडी बहुतेक समानार्थी शब्दांची असतात, परंतु या खेळाचे बीज आपल्याला परके नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कूटप्रश्नांचे, सोळा प्रकार सांगितले आणि त्यांचा उपयोग क्रीडागोष्ठींतील विनोदासाठी, गर्दीत जाणकारांशी गुप्त बोलण्यासाठी आणि दुसऱ्याला चकवण्यासाठी होतो असे नोंदवले, मित्रमंडळींत बसून कोडी सोडवण्याचे याहून जुने आणि नेमके वर्णन शोधावे लागेल. कामसूत्रातील चौसष्ट कलांतही प्रहेलिकेला स्थान आहे. मोरोपंतांनी तर ओठ न जुळवता म्हणता येईल असे ‘निरोष्ठ रामायण’ रचून अक्षरांवरची हुकमत दाखवली.

मराठीत क्रिप्टिक कोडे रचताना दोन अडचणी येतात. पहिली सामान्यरूपाची : विभक्तीचा प्रत्यय लागताच ‘कमल’चे ‘कमला-’ होते आणि चुरगळायची अक्षरेच बदलतात, म्हणून असा शब्द सूत्रात प्रथमेतच बसवावा लागतो आणि सगळे वाक्य त्याभोवती वळवावे लागते. दुसरी चौकटीची. इंग्रजीत आडवा व उभा शब्द एका सुट्या वर्णावर छेदतात; मराठीत ‘का’ला ‘का’च लागतो, ‘क’ किंवा ‘की’ चालत नाही, त्यामुळे एकमेकांना छेदणारे शब्द मिळणे कठीण होते आणि काळी घरे वाढतात. उलट, छेदातून मिळालेले एक अक्षर स्वरासकट हाती येते, आणि तीन अक्षरी शब्दात तेवढ्या एका अक्षराने सोडवणाऱ्याचे निम्मे काम होऊन जाते.