बिचवा, कर्द, वाघनखे: छोटी पाती आणि ती बाळगण्याची रीत

पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहताना नजर आधी पात्यावर जाते. जावी मुठीवर. हत्यार अंगावर कुठे आणि कसे राहायचे, ते मुठीवरून कळते.

कट्यारीची मूठ आडवी, दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या. ती शेल्यात समोरच खोचत. ती मिरवायचीच वस्तू. बिचव्याचे तसे नाही. दक्षिणेतल्या शिंगाच्या खंजिरावरून तो घडला असे मानतात. पाते दुहेरी वळणाचे, दोन्हीकडे धार आणि मूठ म्हणजे धातूची बंद कडी. कडीत बोटे अडकली की घामेजल्या हातातूनही तो निसटत नाही, आणि अंगरख्याच्या बाहीत सहज मावतो. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीमुळे बिचवा आणि वाघनखे ही नावे मराठी माणसाला पाठ आहेत. वाघनखांच्या दोन कड्या बोटांत जातात, नख्या तळव्यात मिटतात. बाहेरून दिसतात त्या नुसत्या अंगठ्या.

वळणाची किंमत म्यानात मोजावी लागते. वाकडे पाते आत-बाहेर जायचे तर म्यानाची खाच पात्याहून रुंद हवी, मग ते सैल बसते आणि खुळखुळते. कर्द म्हणजे सुरी, तिचे पाते सरळ, एकधारी. तिचे म्यान बहुधा मुठीचाही बराच भाग गिळते आणि त्या पकडीवरच ती टिकते, वादी लागत नाही. लहान हत्यारासाठी ही रचना सर्वांत शहाणी.

म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फाका, वर चामडे किंवा मखमल, तोंडाशी धातूची मोहनाळ, टोकाला धातूची टोपी म्हणजे तैनाळ. कमावलेल्या चामड्यात आम्ल असते, ते दमट हवा धरून ठेवते. पुण्याच्या पावसाळ्यात पाते म्यानातच राहिले तर पोलाद गंजते, पितळेवर हिरवा कळंक चढतो. म्हणून जुने पाते खनिज तेलाचा पातळ हात फिरवून म्यानाबाहेर ठेवावे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणे परवान्याखाली आणले. आज १९५९ चा कायदा लागू आहे. २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रात मोडते. घरकाम, शेती, उद्योगाची अवजारे वगळून. त्याहून लहान असले की मोकळीक, ही समजूत घातक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्तांचा मनाईहुकूम निघाला की सुरेच काय, काठ्याही त्यात येतात. तिथे इंच मोजत नाहीत, आणि मोडल्यास कलम १३५ लागते.